मदत हवी आहे: एल्डरफ्लॉवर शॅम्पेन फसफसतच नाहीये

मेघा_रेडिंग: आज पाचवा दिवस, बादलीत एक बुडबुडा नाही. शनिवारी बार्बेक्यूला वीस जण येणारेत आणि मी सगळ्यांना सांगून बसलेय की घरची एल्डरफ्लॉवर शॅम्पेन देणार. एल्डरच्या झाडाची पांढरी फुलं केनेट नदीकाठची, स्वतः तोडलेली, एकदम ताजी. लिंबू साखर व्हिनेगर सगळं घातलंय. फेकून देऊ का? लवकर सांगा प्लीज

अनुजा_लीड्स: अगं प्रमाण तरी सांग. आणि फुलं धुतलीस का? यीस्ट फुलांवरच असतं, नळाखाली धरली की गेलं.

मेघा_रेडिंग: नाही धुतली, किडे झटकले फक्त. 5 लिटर पाणी, 700 ग्रॅम साखर, 2 लिंबं, 2 चमचे व्हाइट वाइन व्हिनेगर.

बापू_गडचिरोली: आमच्याकडे मोहाची फुलं रात्रीतून गळतात, पहाटे टोपली घेऊन वेचायची. त्याला वरून साखर लागतच नाही, फुलातच इतकी गोडी. एकदा मार्च-एप्रिलात या इकडे.

मिलिंद_डी: शॅम्पेन यीस्टचं पाकीट आण, पाव चमचा घाल. जंगली यीस्टच्या भरवशावर पार्टी ठरवू नये.

अनुजा_लीड्स: विकतचं यीस्ट घालायचं तर फुलं कशाला तोडायची? मी सहा वर्षं करतेय, एकदाही घातलं नाही.

मिलिंद_डी: तुझं होतं म्हणून सगळ्यांचं होईल असं नाही ना. पाऊस पडल्यावर तोडली असतील तर यीस्ट धुऊन गेलेलं असतं.

स्वाती_के: ताई सायट्रिक अ‍ॅसिड घालून कॉर्डियल (पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत) करा, फ्रीजमध्ये छान टिकतं

मेघा_रेडिंग: कॉर्डियल नकोय, फसफसणारं हवंय! पाऊस नव्हता, किचनमध्ये 22 डिग्री आहे. पहिल्या दिवशी उकळतं पाणी ओतून झाकलं ते झाकलेलंच आहे.

अनुजा_लीड्स: थांब. उकळतं पाणी फुलांवर ओतलंस??

मेघा_रेडिंग: हो मग साखर विरघळायला नको का

अनुजा_लीड्स: सगळं यीस्ट मेलं गं. साखर आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवायची, मग गार पाणी घालायचं, बादली पूर्ण निवली की मगच फुलं. मिलिंद, या वेळी तुझंच यीस्ट लागणार.

मिलिंद_डी: आधी वर केसाळ बुरशी नाही ना बघ, असेल तर सरळ ओतून दे. नसेल तर गाळून घे, यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घाल, पाच-सहा दिवस बादलीतच जोर ओसरू दे. मग कोकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांत भर, वाइनच्या काचेच्या बाटल्या अजिबात नको, फुटतात. रोज दाबून बघायची, कडक झाली की झाकण सैल करून गॅस सोडायचा. शनिवार विसर.

नीलाकाकू: पाहुण्यांत मुलं आहेत का गं? यात दारू होते, नुसतं नाव नाही ते. आणि हिरवे देठ काढलेस ना, पोटाला बाधतात.

मेघा_रेडिंग: देठ काढलेत काकू, मुलांना नाही देणार. बुरशी नव्हती, काल रात्री यीस्ट घातलं आणि सकाळी वर फेस! कान लावला तर चुरचुर ऐकू येतंय. शनिवारी कोकम सरबतावर भागवते.

स्वाती_के: ताई आमच्याकडेही अशी पांढरी छत्रीसारखी फुलं खूप आहेत, पण झाड नाही, कंबरेएवढी रोपं आहेत. चालतील?

अनुजा_लीड्स: स्वाती हात लावू नकोस!! एल्डरचं खोड लाकडी असतं, मोठं झुडूप किंवा झाडच. रोपासारखं, पोकळ हिरव्या दांड्याचं असेल तर ते हेमलॉकही असू शकतं, जीवघेणं विष आहे ते. फोटो टाक आधी.