स्लगच्या बंदुकीवर दुर्बीण: नळीवर बसवावी की रिसीव्हरवर?

हडसनकाठ:
भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे हे आधीच नमूद करतो, म्हणजे चर्चा त्या वाटेला जाणार नाही. मी राहतो त्या न्यू जर्सीत ती परवाना काढून करता येते. मात्र तेथे हरणासाठी रायफल चालत नाही. ठासणीची बंदूक किंवा शॉटगन घ्यावी लागते, आणि शॉटगनमध्ये स्लगची, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी असलेली, काडतुसे भरायची असतील तर नळीच्या टोकावरची नुसती माशी पुरत नाही. नेम धरायची जुळवता येणारी साईट किंवा दुर्बीण असावी लागते. माझ्या बारा बोअरच्या पंप बंदुकीला (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची) यंदा आतून आटे पाडलेली नळी घेतली आहे, कारण प्लॅस्टिकच्या वेष्टणातला सॅबो स्लग आट्यांशिवाय नीट फिरत नाही.

माझे मत असे आहे की दुर्बीण कँटिलिव्हरवरच बसवावी, म्हणजे नळीलाच जोडलेल्या आणि मागे रिसीव्हरच्या (चाप आणि यंत्रणा असलेल्या मधल्या पेटीच्या) वर येणाऱ्या पट्टीवर. पंप बंदुकीची नळी रिसीव्हरमध्ये नुसती सरकवलेली असते आणि खालच्या मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या नळकांड्याच्या, टोकाची टोपी तिला धरून ठेवते. अशी नळी एकीकडे आणि दुर्बीण दुसरीकडे ठेवल्यावर नेम कायम राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. बंदूक साफ करण्यासाठी नळी काढली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

पाना_पकड:
साहेब, आपण हिशेब न करता निकाल दिला आहे. समजा, नळीच्या मागच्या टोकाला ५ सहस्रांश इंच खेळ, म्हणजे सैलपणा, आहे आणि पुढची पकड तेथून १० इंचांवर आहे. मग १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर, फरक पडतो १.८ इंचांचा, आणि ६० यार्डांवर तो जेमतेम १ इंच उरतो. हरणाच्या छातीतला मर्मभाग सुमारे ८ इंच व्यासाचा असतो, आणि आपल्या दाट रानात ६० यार्डांपलीकडचे हरीण किती वेळा दिसते हे आपणच सांगावे. तेवढाही खेळ सहन होत नसेल तर एखाद्या कारागिराकडून नळी रिसीव्हरला स्क्रूने पक्की करून घेता येते.

कँटिलिव्हरचा खरा दोष मात्र आपण सांगितलाच नाही. त्यावर दुर्बीण उंच बसते, आणि शॉटगनचा दस्ता माशीवरून नेम धरण्यासाठी घडवलेला असल्याने त्याची वरची कड खाली असते. परिणामी गाल दस्त्यावर टेकत नाही, मान उचलून पाहावे लागते, आणि प्रत्येक वेळी डोळा निराळ्या जागी येतो. रिसीव्हरला भोके पाडून, आटे करून बसवलेली दुर्बिणीची बुटकी बैठक मला म्हणूनच पसंत आहे. चापाच्या पिनांच्या जागी बोल्ट घालून रिसीव्हरवर खोगिरासारखी चढवायची बैठक मिळते, तिची मात्र मी शिफारस करणार नाही. ते बोल्ट जरा जास्त आवळले की पंप जड चालू लागतो.

ओहायोकर_अण्णा:
दोघेही बैठकीवर भांडत आहात आणि दुर्बिणीविषयी कोणी बोलत नाही. आमच्या ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (गोळीकडे मान अरुंद न होणाऱ्या) काडतुसांच्या रायफली हरणासाठी चालू लागल्या आणि माझी शॉटगन कपाटात गेली, पण तिची आठवण अजून उजव्या भुवईवर आहे. जुन्या रायफलीची ९ पटींपर्यंतची दुर्बीण मी बारा बोअरवर चढवली होती. डोळ्यापासून तिचे अंतर ३ इंच होते. तिसऱ्या काडतुसाच्या धक्क्याने दुर्बिणीच्या कडेने अर्धचंद्र कोरला. डोळा आणि काच यांत निदान साडेतीन इंच अंतर देणारीच दुर्बीण घ्यावी, चार मिळाले तर उत्तम.

पटींचे म्हणाल तर रानात २ पट पुरे. ३२ मिलिमीटरची काच ४ पटींवर ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत देते, ७ पटींवर तोच साडेचार उरतो, आणि हरीण तर पहाटेच्या अंधुकातच बाहेर पडते. ‘खास शॉटगनसाठी’ असा शिक्का मारलेल्या दुर्बिणीत पॅरालॅक्स (डोळा मध्यापासून हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) १०० ऐवजी ५० किंवा ७५ यार्डांना जुळवलेला असतो, म्हणून दुकानदार जास्त पैसे मागतो. १०० ला जुळवलेल्या ३२ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून ५० यार्डांवर पाहिले तर चूक, फारच वाईट धरली तरी, ८ मिलिमीटर. तेवढ्यासाठी खिसा हलका करू नये.

साधीसाईट:
माझा विरोध मुळातच आहे. ५० यार्डांच्या रानात दुर्बीण हा भार आहे. पावसात काच ओली होते, हरीण झुडपातून एकदम समोर आले की भिंगात नुसते पिंगट केस दिसतात, आणि वर तुमचा गालाचा प्रश्न. छिद्राची पीप साईट बसवावी. नियमातही बसते, दस्त्यालाही शोभते.

ओहायोकर_अण्णा:
माझ्या वयाला माशी आणि हरीण एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. आपल्यालाही ते वय येईल.

हडसनकाठ:
पाना_पकड यांचा गालाचा मुद्दा मी मान्य करतो. दस्त्यावर पट्ट्याने बांधायची गादी आणली आणि फरक लगेच कळला. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि उघडले की पूर्ण वर्तुळ समोर दिसते. बैठकीविषयी मात्र माझे मत कायम आहे, कारण मला चिंता खेळाची नसून नळी पुन्हा चढवण्याची आहे.

म्हणून शनिवारी रेंजवर तपासून पाहिले. २५ यार्डांवर गोळ्या लक्ष्याच्या कागदावर आणल्यानंतर ५० यार्डांवर गोळ्या ३ इंच खाली लागत होत्या. दुर्बिणीच्या खुंटीची एक क्लिक नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे ५० वर त्याच्या निम्मे, म्हणून २४ क्लिक वर घेतले. मग नळी काढली, पुसली, पुन्हा चढवली. पहिली गोळी केंद्रापासून १ इंच डावीकडे लागली.

पाना_पकड:
एका गोळीने काही सिद्ध होत नाही, हे आपल्यासारख्या माणसाला सांगावे लागू नये. माझ्या रिसीव्हरवरच्या बैठकीतूनही पहिली गोळी तेवढीच हलते. नळी तीनदा काढून चढवा, दर वेळी पाच गोळ्या मारा, नळी निवू द्या, आणि मग कागद दाखवा.

हडसनकाठ:
सॅबोचे खोके पाचाचे असते आणि ते स्वस्त नसते. तरी तीन आणली आहेत. आपणही आपल्या बंदुकीवर तेच करावे, कागद एकाच दिवशी ठेवू.