नॉर्वेला जाऊन आलात? कधी गेलात, काय घातलंत, काय खाल्लंत ते लिहा

पुढच्या वर्षी नॉर्वेला जायचं असं आमच्या घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे एवढंच ठरलंय. लेकीला नॉर्दर्न लाइट्स बघायचे आहेत, सासूबाईंना मध्यरात्रीचा सूर्य, नवऱ्याला फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या खाडीच्या, काठाने गाडी चालवायची आहे आणि शाळेच्या सुट्ट्या काही मे आणि दिवाळीवरून हलत नाहीत. त्यात घरात दोघं शाकाहारी. टूरवाल्यांचं पत्रक वाचलं तर एका आठवड्यात सगळंच होतं म्हणे.

जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा. 'बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं' छापाच्या याद्या पाठ झाल्यात, त्या नकोत. महिना कोणता, सोबत कोण होतं, पैसे कुठे गेले, पुन्हा गेलात तर काय गाळाल, हे हवंय.

*

ताई, लेक आणि सासूबाई यांच्यापैकी एकीचंच ऐका. पत्रक काहीही म्हणो, दोन्ही गोष्टी एका सहलीत बसत नाहीत. उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. अरोरा, म्हणजे तुमचे नॉर्दर्न लाइट्स, दिसायला काळोख लागतो. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत तिथल्या रात्री इतक्या उजळ असतात की वर काही चाललं असलं तरी आपल्याला कळणार नाही.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर मी तोच काळ सुचवेन. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे सूर्य उगवायचा थांबतो तो थेट जानेवारीच्या मध्यावर परत दिसतो. दिवाळीत दिवस छोटा असतो, पण असतो. नाताळापेक्षा हॉटेलंही स्वस्त.

अरोराचा जोर सांगणारा एक केपी आकडा असतो, सगळे त्याच्या मागे लागतात. ट्रोम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच आहे, तिथे केपी 2 असला तरी भागतं. खरा शत्रू ढग. समुद्रकाठ असल्याने ढग सारखे येतात, म्हणून गाइड लोक ढगांचा नकाशा बघून गाडी आतल्या बाजूला, कधी कधी पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत हाकतात. पासपोर्ट जवळ ठेवा. नॉर्वेच्या हवामान खात्याचं 'यीर' नावाचं अॅप आहे, तेच सगळे बघतात.

आणि एक, फोटोंवर जाऊ नका. सुरुवातीला आम्हाला दिसला तो राखाडी ढगाचा फराटा. गाइडने फोन स्थिर धरून तीन सेकंदांचा फोटो काढला, त्यात तो हिरवागार आला. मग अर्ध्या तासाने तो फराटा डोक्यावर आला, पडद्यासारखा हलायला लागला, खालची कड गुलाबी झाली आणि तेव्हा मात्र कॅमेऱ्याची गरज उरली नाही. एकाच रात्रीवर जुगार खेळू नका, उत्तरेत चार-पाच रात्री ठेवाच.

*

दिवाळीला माझा विरोध नाही, पण मे महिन्याला लोक उगाच नावं ठेवतात. अरोरा नाही, बर्फातल्या कुत्र्यांच्या गाड्या नाहीत, उंचावरचे घाटरस्ते अजून बंद, हे सगळं खरं. पण उत्तरेला जायचंच कशाला? मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात डोंगरावरचा बर्फ वितळत असतो आणि फ्योर्डमधले धबधबे फुल्ल जोरात असतात. हार्डांगरला सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात.

आम्ही मुलांना घेऊन ऑस्लो ते बर्गन केलं. 'नॉर्वे इन अ नटशेल' म्हणून जे पॅकेज विकतात ते म्हणजे साध्या गाड्या, बोट आणि बस यांची माळ आहे: ऑस्लो, म्युरदाल, फ्लॉम, गुदवांगेन, वॉस, बर्गन. प्रत्येक टप्प्याचं तिकीट आपलं आपण काढता येतं आणि रेल्वेचं आधी काढलं तर बऱ्यापैकी स्वस्त पडतं. म्युरदाल ते फ्लॉम ही गाडी 20 किलोमीटरमध्ये 860 मीटरहून जास्त खाली उतरते. मध्ये धबधब्यापाशी थांबते, सगळे पळत खाली उतरतात, तुषारांनी भिजतात आणि पळत परत चढतात. पोरांना फ्योर्डपेक्षा तेच आवडलं.

17 मे गाठता आला तर गाठा. 1814 साली संविधान झालं तो दिवस. शाळांच्या मुलांच्या मिरवणुका निघतात, म्हातारेकोतारे पारंपरिक पोशाखात, जो तो आइस्क्रीम खातोय. दुकानं मात्र बंद, खाण्याची सोय आदल्या दिवशी करून ठेवा. बर्गनला छत्री नको, रेनकोट हवा. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तिथे पाऊस असतो आणि तो आडवा येतो.

*

कपड्यांवर मी लिहितो. आम्ही फेब्रुवारीत ट्रोम्सोला होतो. किनाऱ्याची थंडी वाटते तेवढी भयंकर नाही, उबदार समुद्रप्रवाहामुळे जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास असते. पण अरोरासाठी आत गेलात की उणे वीस-पंचवीस.

जाड जॅकेटवर इथे वीस-पंचवीस हजार घालवू नका. रात्रीच्या टूरवाले बहुतेक जण अंगभर थर्मल सूट आणि बूट देतात. पैसे आतल्या थरावर घाला. अंगाला लागून मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं काहीतरी. सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा, घाम धरून ठेवतात आणि मग तोच घाम गारठवतो. दोन जोड मोजे घट्ट बुटात कोंबले तर पाय जास्त गार पडतात, त्यापेक्षा बूट एक नंबर मोठा घ्या. घरं-हॉटेलं आतून चांगली उबदार असतात, त्यामुळे पटकन उतरवता येईल असंच घाला.

थंडीपेक्षा मला भीती वाटते निसरड्याची. दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, सकाळी फुटपाथवर काच. बुटाला अडकवायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात, पोचल्या दिवशी घ्या. फोन आतल्या खिशात, नाहीतर साठ टक्के बॅटरी बघता बघता शून्य. आणि बाहेरून आत येताना कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणायचा, म्हणजे बाष्प पिशवीवर जमतं, भिंगावर नाही.

*

शाकाहाऱ्यांसाठी उत्तर एकच: स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. हॉटेलात एक साधं जेवण दोनशे-तीनशे क्रोन, आणि एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये धरा. चौघांचं रोजचं गणित करून बघा म्हणजे कळेल. किवी, रेमा 1000, कूप ही वाण्याची दुकानं. दूध, दही, ब्रेड, अंडी, गोठवलेल्या भाज्या, सगळं मिळतं. ऑस्लोच्या ग्रोनलांड भागात मसाले आणि डाळीही.

पण फोडणीचं काय करायचं ते ऐका. आम्ही केबिनमध्ये मोहरी तडतडवली, मिरची टाकली आणि छताला लावलेलं, धूर झाला की वाजणारं यंत्र असं बोंबललं की शेजारच्या केबिनमधले लोक जॅकेट चढवून बाहेर. तिथली घरं लाकडी, त्यामुळे हे प्रकरण ते फार मनावर घेतात. काही ठिकाणी अग्निशमनची गाडी आली तर तिचा खर्चही आपल्या माथी येऊ शकतो. त्यानंतर आम्ही तेल मंद तापवून, खिडकी उघडून, झाकण ठेवून फोडणी करायचो. खिडकीतून उणे दहा आणि आत वरणाचा वास, मजा यायची. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला नक्की न्या. कुकर न्यायचाच असेल तर आधी शेगडी कसली आहे ते विचारा, इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा चालत नाही.

*

वरच्या ताईंना जोड देतो, मी ऑस्लोत राहतो. न्यायच्या यादीतून तूप, पेढे, श्रीखंड काढून टाका. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे. आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी तुपाची बरणी घेऊन निघतात. चिवडा, चकली, बाकरवडी, गूळपोळी यांना कुणी काही म्हणत नाही. (गूळपोळी तेलावर भाजलेली असेल तर. तूप लावलेलीचं मी तुम्हाला सांगितलं नाही.)

ऑस्लोला उतरून पुढे ट्रोम्सो-बर्गनचं विमान असेल तर बहुतेक वेळा सामान ऑस्लोत ताब्यात घेऊन, कस्टममधून बाहेर पडून पुन्हा द्यावं लागतं. मध्ये दोन-अडीच तास तरी ठेवा. रविवारी मोठी वाणसामानाची दुकानं बंद. रोख पैसे लागत नाहीत, कार्ड पुरतं. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाका, दोन-तीन क्रोन परत मिळतात. दवाखान्याची वेळ आली तर तातडीला 113, तेवढं गंभीर नसेल तर 116117.

*

आईबाबांना घेऊन जुलैत गेले होते, दोघं सत्तरीच्या पुढचे. बर्गन ते किर्केनेस जी किनारी बोट चालते तिने. ही बोटसेवा 1893 साली सुरू झाली. ही नाचगाण्याची क्रूझ नव्हे, टपाल आणि माल पोचवणारी बोट होती मुळात, आजही लहान लहान बंदरांना लागते. सामान रोज उचलायचं नाही, डोंगर खिडकीतून जातात, म्हाताऱ्या माणसांना याहून सोयीचं काही नाही. जेवण मात्र मासळीचं राज्य, शाकाहारी आहोत हे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवलं होतं.

मध्यरात्रीच्या सूर्याचा आईला त्रासच झाला. रात्री साडेअकराला डेकवर ऊन, आणि ती विचारतेय, "संध्याकाळचा चहा कधी?" झोपेचं पार खोबरं. डोळ्यांवरची पट्टी आणि ठरलेल्या वेळी जेवण, याने जमलं. गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या, तिथल्या फार्मसीला आपले ब्रँड कळत नाहीत. विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचा. आम्ही एजंटला तीनदा विचारलं तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं.

*

उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांचं कुणीच लिहिलं नाही! मी वसईचा, त्यामुळे मला तिथे घरी आल्यासारखं झालं. मार्चअखेर गेलो होतो. गावागावात लाकडी मांडव आणि त्यांवर शेपट्यांनी जोडी जोडीने बांधलेला कॉड, मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर वाळवलेला. फेब्रुवारी ते मे टांगलेला असतो. आमच्याकडे बांबूंवर बोंबील वाळतात तोच देखावा, फक्त मागे बर्फाचे डोंगर. बायको नाक धरून चालत होती, मी मांडवाखाली उभा राहून फोटो काढत होतो. थंडीमुळे माशी नाही, तेवढाच फरक.

रेइने, हामनॉय या गावांत कोळ्यांच्या जुन्या लाल खोपट्यांत राहता येतं, त्यांना रूरबू म्हणतात. आत आता सगळी सोय. मुख्य भूमीवरच्या बुदोहून फेरीबोटीने बेटांवर मोस्केनेसला उतरा, तीन-चार तास लागतात. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ती धरू नका.

*

गाडी चालवणाऱ्या भाऊजींसाठी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भाड्याने गाडी देणारे बऱ्याचदा मागतात. उजवीकडून चालवायचं, दिवसाही दिवे लावून, आणि बाहेरच्या रस्त्यांवर साधारण 80 ची मर्यादा. दंड ऐकलेत तर पाय आपोआप हलका होईल. रक्तातल्या दारूची मर्यादा हजारात 0.2, म्हणजे एक बिअरसुद्धा नको.

गुगल तीन तास सांगतं तिथे पाच धरा. अरुंद रस्त्यांवर 'एम' लिहिलेली निळी पाटी असते, ती समोरच्याला वाट द्यायची जागा. पाटी तुमच्या बाजूला असेल तर तुम्ही थांबायचं, कुणी हॉर्न वाजवत नाही. लार्दालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी गुहेसारखी जागा आणि निळा उजेड केलाय. उन्हाळ्यात मात्र बोगदा सोडून वरच्या आउरलांड घाटाने जा, जुलैतही दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती मिळू शकतात. हिवाळ्यात चालवायचा हट्ट करत असतील तर चावी लपवा.

*

व्हिसाचं थोडक्यात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. सोबत डेन्मार्क-स्वीडन करणार असाल तर जिथे जास्त रात्री तिथल्या दूतावासाकडे अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या सहलीसाठी अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते, थांबू नका. फी मोठ्यांना 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच बुक करा आणि अर्जातला कार्यक्रम, बुकिंग, रजेचं पत्र यांतल्या तारखा एकमेकींशी जुळतात ना ते एकदा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.

आणि कुणाच्या डोक्यात ध्रुवीय अस्वलांचं स्वालबार्ड असेल तर: ते नॉर्वेचंच आहे, पण शेंगेनच्या बाहेर. तिथून परत मुख्य भूमीवर यायला पुन्हा प्रवेश लागतो, म्हणजे अर्ज करतानाच एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.