शब्दचर्चा: विंडो फंक्शनला मराठीत काय म्हणावं?

हिंजवडीत आमच्या टीममधल्या नव्या मुलांसाठी एसक्यूएलच्या (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या) मराठी टिपा लिहितोय. मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस) उशिराच ५.७ वरून ८.० वर नेलं, त्यामुळे तिथे २०१८ पासून असलेली विंडो फंक्शनं (प्रत्येक ओळीसमोर तिच्या सोबतच्या ओळींवरून हिशेब मांडणारी) आमच्याकडे आत्ता आली. एका सहकाऱ्यांनी ‘गवाक्ष फलन’ सुचवलंय. काय करू?

— गवाक्ष म्हटलं की मला देवळाचं शिखर दिसतं. खिडकीच ठेवा. फक्त पुण्यात खिडकी म्हणजे तिकिटाची, नाहीतर गणपती मंडळांची ‘एक खिडकी योजना’, असं डोक्यात येतं. इथली खिडकी रांग लावायची नव्हे, बाहेर बघायची. प्रत्येक ओळ जागेवर बसून शेजारच्या ओळी बघते. ओरॅकल डेटाबेसवाले विंडो फंक्शनांना ॲनालिटिक फंक्शन म्हणतात, तेव्हा नावाचं फार सोवळं नको.

— ओळींचे भाग पाडणाऱ्या पार्टिशनला ‘गट’ मात्र म्हणू नका, ग्रुप बायशी घोळ होईल. समजा स्वारगेट आणि कोथरूड डेपोच्या ३० दिवसांच्या भरण्याच्या ६० ओळी आहेत. डेपोवार ग्रुप बाय केलं की २ ओळी उरतात. पार्टिशन बाय ६० च्या ६० ठेवून प्रत्येकीसमोर तिच्या डेपोची बेरीज लिहितं. वाड्यातल्या खोलीत प्लायचं पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडं राहायची ना, तसंच. माणसं तेवढीच.

मग फ्रेमला, म्हणजे हिशेबात कुठून कुठपर्यंतच्या ओळी धरायच्या त्या मर्यादेला?

— चौकट! खिडकीला असतेच. पण तुम्ही नुसतं ऑर्डर बाय (ओळींचा क्रम) लिहिलंत तर डेटाबेस स्वतःची चौकट बसवतो, तिथे फसायला होतं. १ तारखेला १०० ची पावती, २ तारखेला ५० आणि ३० अशा दोन. तारखेच्या क्रमाने रनिंग टोटल (चालती बेरीज) मागा, २ तारखेच्या दोन्ही पावत्यांसमोर १८० येतील. कारण ती आयती चौकट ‘रेंज’ची, सारख्या तारखा एकदम धरणारी. १५० आणि मग १८० हवेत तर ‘रोज’ची (ROWS, म्हणजे एकेक ओळ मोजणारी) चौकट सांगा (हे मराठीत ‘दररोज’ वाचलं जाणार, इलाज नाही) आणि ऑर्डर बायमध्ये पावती क्रमांकही घाला.

— क्रमांक देणाऱ्या रँक फंक्शनसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे: ‘प्रथम क्रमांक विभागून’. दोघांत विभागल्यावर पुढचा रँकमध्ये तिसरा, डेन्स रँकमध्ये दुसरा.

‘विभागून’ लगेच उचलला. गवाक्षाचं सहकाऱ्यांना कसं सांगायचं ते बघतो, ते वयाने मोठे आहेत.