तातडीची मदत हवी आहे : कुत्र्याने नळीचं हाड गिळलंय

आज गटारी, घरात पाहुणे. जेवणं उरकल्यावर साडेनऊच्या सुमारास आमच्या बंड्याने (गावठी, ४ वर्षांचा, वजन १८ किलो) खरकट्याच्या बादलीतून मटणाच्या नळीचा तुकडा उचलला. दीर काढून घ्यायला धावले, तर त्याने न चावताच गिळून टाकला. अंगठ्याएवढा तरी असेल, एका बाजूने टोकदार. कुकरमध्ये शिजलेलं हाड.

आता साडेदहा झालेत. श्वास नीट चालू आहे, हिरड्या गुलाबी आहेत. पण एका जागी बसत नाही. मान पुढे ताणून सारखा आवंढा गिळतोय, लाळेची तार छातीपर्यंत लोंबतेय. पाणी प्यायला आणि मिनिटभरात जसंच्या तसं बाहेर आलं.

सासूबाई म्हणतात तूपभात भरव, हाड खाली सरकेल. शेजारचे काका म्हणतात मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. दोघंही काळजीपोटीच सांगताहेत, पण मला धीर होत नाहीये. आम्ही गुहागरला राहतो. इथला सरकारी दवाखाना सकाळी उघडेल, तिथे जास्त करून गाईगुरंच येतात. चिपळूणला जायचं तर चाळीसेक किलोमीटर, बाहेर धो धो पाऊस. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का? कुणाला माहीत असेल तर प्लीज लगेच लिहा.

रानवाट : ताई, घाबरू नका. आमच्या लॅब्रेडॉरने कोंबडीची हाडं खाल्ली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं पोटात दिसली. नुसतं लक्ष ठेवायला सांगितलं, दोन-तीन दिवसांत सगळं निभावलं. पण तो पाणी व्यवस्थित पीत होता, लाळ वगैरे काही नव्हती. तुमचं वेगळं वाटतंय.

गोठा_ते_गच्ची : मी पशुवैद्य आहे. सकाळपर्यंत थांबू नका.

हाड पोटात पोचलं असतं तर मीही वाट बघा म्हणालो असतो, जठरातल्या आम्लात ते बरंचसं विरघळतं. पण ताणलेली मान, सारखे आवंढे, लाळ आणि प्यायलेलं पाणी तसंच परत येणं ही अन्ननलिकेत अडकल्याची लक्षणं आहेत. तिथे हाड विरघळत नाही. जितका वेळ रुतून राहील तितकी नळीची भिंत दाबाने खराब होत जाते, भोकही पडू शकतं.

तूपभात, केळं, तेल, पाणी, काहीच देऊ नका. ते श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, शिवाय भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. मिठाचं पाणी तर मुळीच नको. उलटीबरोबर टोकदार हाड वर येताना नळी फाडेल, आणि एवढं मीठ स्वतःच कुत्र्याला विषारी ठरतं. घरातली माणसांची वेदनाशामक गोळीही देऊ नका. तोंड उघडून टाळूला आडवं काही अडकलंय का ते टॉर्चने बघा, पण बोटं घशात घालू नका, दुखत असेल तर लाडका कुत्राही चावतो.

निघण्याआधी चिपळूणच्या खाजगी डॉक्टरांना फोन करून एक्स-रे आणि भुलीची सोय आहे का ते विचारा. वाटेत हिरड्या निळसर पडल्या किंवा श्वास घुसमटला तर तसं लगेच कळवा.

धागाकर्ती : डॉक्टर, खूप आभार. फोन लागला, ते दवाखाना उघडताहेत. निघतोय.

धागाकर्ती : घरी आलो. हाड छातीत, हृदयाच्या थोडं मागे अडकलं होतं. भूल देऊन नळीने हळूच जठरात ढकललं. आता पातळ पेज आणि औषधं चालू आहेत, परवा पुन्हा एक्स-रे. शी काळी किंवा रक्ताची झाली, उलट्या सुरू झाल्या, पोट ताठरलं किंवा ताप आला तर लगेच आणा म्हणालेत. रानवाट, तुमच्या लॅबला त्या दिवसांत काय खायला देत होतात? बंड्या पेजेकडे बघतही नाहीये.

रानवाट : उकडलेल्या कोंबडीचं पाणी घाला पेजेत, मीठमसाला आणि कांदा-लसूण न घालता. आधी डॉक्टरांना विचारून घ्या.