मदत हवी आहे : जाळ्याची शिशाची वजनं दाबताना चिरतायत

भीमाकाठचा:
फेकजाळ्याच्या काठाला लावायची वजनं घरीच ओततोय, साचा आहे, ओतणं पण छान होतंय, चकचकीत निघतात. पण दोरीवर बसवून पक्कडीनं पाकळ्या मिटायला गेलो की चराचर चिरतात, दहातली सात-आठ वाया. शिसं कडक आहे एवढं कळतंय, ते मऊ कसं करायचं तेवढं सांगा. रविवारी उजनीला जायचंय. उगाच लेक्चर नको.

पूर्वभागवाला:
शिसं आणलं कुठनं ते तर सांग बे आधी. शिसं शिसं म्हणजे काय एकच असतंय काय?

हिप्परगा_१९:
सगळ्यात सोपं, थोडं कथील टाका. आम्ही वितळलेल्या शिशात कायम कथील टाकतो, साचा कोपऱ्यापर्यंत भरतो, माल एकदम गुळगुळीत. विजापूर वेशीत भांड्याच्या दुकानात विचारा.

बेअरिंगवाले अण्णा:
कथलानं साचा चांगला भरतो हे खरं, पण ते शिशाला मऊ नाही करत, कडकच करतं. आणि त्याचा साचा भरतोयच की, तक्रार चिरण्याची आहे. कथलाचा भाव बघितलाय का? जाळं राहू दे, बायको घराबाहेर काढेल.

हिप्परगा_१९:
अण्णा, मी कित्येक वर्षं हेच करतो, एक वजन चिरलं नाही.

बेअरिंगवाले अण्णा:
तुमची गळाची वजनं आहेत हो, मधून भोक पाडलेली. त्याला कोण पक्कड लावतंय?

चिलापी प्रेमी:
उजनीला जाताय तर कणकेत थोडी शेंगापेंड आणि लसूण मळून घ्या, रोहू धावत येतो. चिलापी तर नुसत्या गांडुळावर.

पूर्वभागवाला:
जाळं टाकणार आहे तो, गळ नाही. काय पण वाचत नाहीत लोकं.

भीमाकाठचा:
शिसं टायरवाल्याकडून घेतलं, चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं. त्यानं स्वस्तात दिलं. त्यात काय झालं, शिसंच आहे की ते.

बेअरिंगवाले अण्णा:
तिथंच सगळं आहे. चाकाच्या वजनात शिशाबरोबर दोन ते चार टक्के अँटिमनी (शिशाला कडक करणारा धातू) असतं, रस्त्यावर ठोकर खाऊन वाकू नये म्हणून मुद्दाम घातलेलं. शुद्ध शिसं ब्रिनेल या कडकपणाच्या मापात ५ च्या आसपास, हे जवळपास दुप्पट. गळाच्या वजनाला चालतं, दगडावर आपटलं तरी आकार टिकतो. पण पाकळी मिटायची असेल तर मऊच पाहिजे. आणि हल्लीच्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात, ती वेचली का? लोखंड चुंबकाला चिकटतं. जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि शिसं ३२७ ला, म्हणून आच कमी ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, झाऱ्यानं काढून टाका. भट्टी तापवून जस्त मिसळू दिलंत तर सगळा माल दह्यासारखा गुठळ्या धरतो.

अक्कलकोट_नाका:
जुनी बॅटरी फोडा ना, ढिगानं शिसं आत.

पूर्वभागवाला:
असले सल्ले देऊ नको रे. ॲसिड आहे आत, प्लेटींतही अँटिमनी किंवा कॅल्शियम असतंय, आणि ते वितळवल्यावर वर येणारा मळ ओला झाला की विषारी वायू सुटतो. बॅटरी दुकानदाराकडं नाहीतर रीसायकलवाल्याकडं द्यायची असते, तसा नियमच आहे.

अक्कलकोट_नाका:
गल्लीत सगळेच फोडतात.

पूर्वभागवाला:
म्हणून काय चांगलं झालं होय.

मोहोळकर:
मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळा, सगळा कडकपणा निघून जातो. यूट्यूबवर आहे.

बेअरिंगवाले अण्णा:
मेणानं मळ वर येतो, उलट वर साचलेलं कथील परत आत जातं. अँटिमनी घरच्या भट्टीत निघत नाही, कशानंही. बरं भीमाकाठचे, एक विचारायचं राहिलं, ओतल्यावर गार कसं करता?

भीमाकाठचा:
साच्यातून काढलं की पाण्याच्या बादलीत. नाहीतर हाताला चटका बसतो. सगळे असंच करतात.

बेअरिंगवाले अण्णा:
ऐका मग. शुद्ध शिसं बादलीत टाका नाहीतर उन्हात ठेवा, काही फरक पडत नाही. पण अँटिमनीवालं गरम गरम पाण्यात पडलं की आणखी कडक होतं, आणि पुढचे काही दिवस ठेवूनही कडक होत जातं. म्हणजे दोन्ही बाजूनं तुम्हीच कडक केलंय. आधी आहे तेच वितळवून हवेत गार करून चार वजनं मिटून बघा. चिरलीच तर निम्मं मऊ शिसं मिसळा. आणि ती बादली साच्यापासून लांब ठेवा, वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तर वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

भीमाकाठचा:
मऊ शिसं कुठं मिळणार? आणि ते मऊच आहे हे कळणार कसं, भंगारवाला काहीपण देतो.

पूर्वभागवाला:
जुन्या जमिनीखालच्या केबलचं वरचं आवरण, नाहीतर जुना शिशाचा पाईप. नखानं ओरखडा उठला की घे. नख घसरलं तर ठेवून दे.

बेअरिंगवाले अण्णा:
नख हा अंदाज झाला. बेअरिंगमधली एक पोलादी गोळी घ्या, एका बाजूला खात्रीचं मऊ शिसं, दुसऱ्या बाजूला तपासायचं, मधी गोळी ठेवून वाइसच्या जबड्यात दाबा. ज्यावर खड्डा मोठा ते मऊ.

सौ_होटगी_रोड:
हे सगळं घरात चाललंय का? स्वयंपाकाची कढई वापरत नाही ना? बाहेर उघड्यावर करा, मुलांना जवळ येऊ देऊ नका, हात धुतल्याशिवाय जेवू नका. शिशाचं कितीही थोडं प्रमाण मुलांना बरं नसतं. इंग्लंडात तर हंस मरायला लागले म्हणून १९८७ पासून शिशाची छोटी गळवजनं विकायलाच बंदी आहे. उजनीच्या कडेला भिगवणला फ्लेमिंगो येतात, तुटलेली वजनं तिथंच टाकून येऊ नका.

चिलापी प्रेमी:
उजनीत पाणी किती आहे आत्ता? आम्हाला नळाला कधी येतंय कोण जाणे.

भीमाकाठचा:
ताई, कढई वेगळी आहे, भंगारातलीच, आणि अंगणात करतो. अण्णा, हवेत गार केलेली चार मिटून बघितली, तीन टिकली, एक कडेला चिरली. केबल शोधतोय. पण हे आठ किलो कडक शिसं पडलंय त्याचं काय करू?

हिप्परगा_१९:
मला द्या. गळाची वजनं करतो. कथील माझ्याकडचं.