पुण्याच्या सूर्यमार्ग आकृतीत जूनचा कंस पूर्णपणे उत्तरेकडे कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही कर्वेनगरमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. आईच्या खोलीला एकच खिडकी असून ती नेमकी उत्तरेकडे आहे, आणि दर वर्षी मेच्या मध्यापासून पावसाचे ढग दाटेपर्यंत संध्याकाळचे ऊन तिच्या पलंगावर येते. खिडकीच्या रुंदीचा दोन फुटी छज्जा काढावा, असे गवंड्याचे म्हणणे आहे. होकार देण्यापूर्वी खात्री करावी म्हणून १८.५ अंश उत्तर अक्षांशाची सूर्यमार्ग आकृती (त्या त्या तारखेचा सूर्याचा आकाशातला मार्ग कंसाने दाखवणारा नकाशा) मिळवली. पण ती वाचताना मी अडलो आहे.

२१ जूनचा कंस त्या आकृतीत पूर्व-पश्चिम रेषेला कुठेही स्पर्श न करता दिवसभर उत्तरेच्याच अर्ध्या भागात राहतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ही आकृती चुकून दक्षिण गोलार्धाची तर नसेल?

वेळेचाही मेळ बसत नाही. ध्रुवताऱ्यावरून गच्चीवर उत्तर-दक्षिण रेषा आखून, ओळंब्याने तपासलेली काठी उभी केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची सावली रेषेवर आली ती साधारण १२ वाजून १८ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थेट १२ वाजून ४९ मिनिटांनी. आकृतीत मात्र सगळे कंस ती रेषा बारालाच ओलांडतात. मग छज्जाचे गणित कोणत्या वेळेवर करावे?

प्रतिसाद:

आकृती बरोबर आहे आणि तुमची निरीक्षणेही उत्तम आहेत. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्याची उत्तर क्रांती (विषुववृत्तापासून सूर्याचे उत्तरेकडचे कोनीय अंतर) १८.५ अंशांहून अधिक असते तेव्हा, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, सूर्य उगवण्यापासून मावळेपर्यंत उत्तरेकडेच असतो. २१ जूनला मध्यान्हीसुद्धा तो खमध्यापासून (डोक्यावरच्या बिंदूपासून) सुमारे पाच अंश उत्तरेला असतो, आणि दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात थेट ऊन पडतच नाही.

आकृतीतील तास सौरवेळेचे आहेत, म्हणजे सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तेव्हा बारा वाजले असे धरणाऱ्या वेळेचे. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि पुणे ७३.९ अंशांच्या जवळ, त्यामुळे सरासरी ३४-३५ मिनिटांचा फरक पडतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्याने हा फरक वर्षभर कमीजास्त होतो. तुमच्या दोन नोंदी त्याच्या दोन टोकांच्या आहेत. जूनमध्ये आकृतीतले पाच म्हणजे घड्याळातले सुमारे ५ वाजून ३६ मिनिटे.

आता छज्जाविषयी, कारण खरा निर्णय तिथे आहे. जूनच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेपासून उत्तरेकडे १५ ते २५ अंशांवर असतो, म्हणजे किरण तुमच्या भिंतीला जवळजवळ घासून येतात. खिडकीच्या रुंदीइतक्याच छज्जाची सावली भिंतीवर पूर्वेकडे सरकून पडेल आणि ऊन त्याच्या बाजूने आत शिरेल. त्याऐवजी खिडकीच्या पश्चिम कडेला लागून, भिंतीला काटकोनात एक उभी पडदी बांधून घ्या. फूटभर पुढे आलेली पडदी पाचच्या सौरवेळेला सुमारे तीन फूट रुंदी झाकते, सूर्यास्ताच्या वेळी दोन फुटांहून थोडी अधिक. खिडकीची रुंदी कळवलीत, तर पडदी किती पुढे काढावी लागेल ते नेमके काढून देतो.