विषय: सीझन संपला, बोलू या का?

इंग्लंडमधल्या पुणेकर मंडळींनो, नमस्कार.

गणपतीच्या हॉलचा विषय दोन दिवस बाजूला ठेवू. काल रात्री म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये पॅरिसनं (पीएसजी) इंटर मिलानला ५-० असं धुतलं आणि २०२४-२५चा सीझन खऱ्या अर्थानं आटोपला. आपल्यातले निम्मे लोक फुटबॉलवेडे आहेत, पण वर्षभर आपण एकमेकांशी याबद्दल कधी धड बोललो नाही. म्हणून सुरुवात मी करतो.

माझं मँचेस्टर युनायटेड प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या नंबरावर. ३८ मॅचमध्ये ४२ गुण, १८ पराभव. १९७३-७४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतरचा हा सगळ्यात वाईट सीझन. मला राग खेळाडूंचा नाही, वरच्या निर्णयांचा आहे. प्रशिक्षक टेन हाग यांचा करार जुलैत वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. त्यांच्या पद्धतीनं खेळणारी माणसं विकत घेतली आणि मग सीझनच्या मध्यात आमोरिम यांना आणून तीन बचावपटूंची वेगळीच पद्धत त्याच माणसांच्या गळ्यात बांधली. पोरं मैदानावर गोंधळलेली दिसायची, त्यात नवल नव्हतं.

पण १७ एप्रिलची रात्र मला मरेपर्यंत आठवेल. युरोपा लीगमधली ल्याँविरुद्धची मॅच. मुलाला घेऊन ओल्ड ट्रॅफर्डला गेलो होतो. २-० आघाडी घेतली, ती घालवली, जादा वेळेत ४-२ असे मागे पडलो. लोक उठून जिन्याकडे जायला लागले. मी पण मुलाचं जॅकेट उचललं होतं. तो म्हणाला, "बाबा, पूर्ण बघू ना." ११४व्या मिनिटाला ब्रूनोची पेनल्टी, १२०व्याला माइनू, आणि पुढच्याच मिनिटाला मॅग्वायरचं हेडर. ५-४! गेलेले लोक जिन्यावरून धावत परत येत होते. शेजारचे अनोळखी आजोबा माझ्या मुलाला मिठी मारून रडत होते.

त्यानंतर त्याच स्पर्धेची बिल्बाओची फायनल स्पर्सकडून हरलो. आता पुढच्या वर्षी युरोपात कुठेच नाही. एवढं सगळं होऊन हा सीझन वाईट म्हणायचा, हे मला कळतं. पण ती रात्र कुठल्या खात्यात मांडू?

(मूळ नारायण पेठ, सध्या मँचेस्टर)

---

दादा,

बिल्बाओचं नाव तुम्ही काढलंत, म्हणून लिहिते. माझी बाजू दुसरी आहे.

आमचे स्पर्स, म्हणजे टॉटनम, सतराव्या नंबरावर. तुमच्याही खाली दोन पायऱ्या. ३८ गुण, २२ पराभव, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ब्राइटनकडून ४-१. खालच्या तीन संघांची अवस्था इतकी बिकट होती म्हणून आम्ही वाचलो. साउथहॅम्प्टनचे तर अख्ख्या सीझनमध्ये १२ गुण.

तरी हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर सीझन आहे, आणि मी हे पूर्ण विचार करून म्हणतेय. मी इथे आले २००९ला. क्लबनं आधीचा कप जिंकला होता २००८ला. म्हणजे माझ्या वाट्याला सोळा वर्षं नुसती वाट बघणं. आमचा गोल मारणारा केनसारखा माणूस कप नाही म्हणून निघून गेला, आणि यंदा त्यालाही बायर्नकडून जर्मनीची लीग मिळाली. त्याचाही मला आनंद झाला, खरंच.

फायनलच्या वेळी आई कर्वेनगरहून आलेली होती. तिला ऑफसाइड कळत नाही, पण आमचा कर्णधार सोन कळतो. "तो हसरा मुलगा" म्हणते. तो बाकावर बसलेला बघून ती हिरमुसली होती. ६७व्या मिनिटाला तो आत आला, आणि लगेचच युनायटेडच्या होयलुंडचं हेडर गोलात जायला निघालेलं. आमच्या व्हान डे वेननं हवेत आडवं होऊन, पाय डोक्याच्या वर नेऊन तो बॉल गोलरेषेवरून बाहेर काढला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता. आमच्या ब्रेनन जॉन्सनचा गोल तर धड मारलेला सुद्धा नव्हता, दोघातिघांना लागून घरंगळत आत गेला. मला चालतो. सोन दहा वर्षं थांबला आणि त्याच्या हातात कप आला.

गुणतालिका कपाटावर ठेवता येत नाही, दादा. तुमची ल्याँची रात्र तुमच्याच खात्यात राहू द्या.

(मूळ कर्वेनगर, सध्या वॉटफर्ड)

---

सर्वांना नमस्कार,

आर्सेनल. सलग तिसऱ्यांदा दुसरे. ७४ गुण, लिव्हरपूलपेक्षा दहानं कमी.

माझं स्पष्ट मत आहे की जानेवारीत एक स्ट्रायकर घेतला असता तर चित्र वेगळं असतं. जेझुसचा गुडघा गेला, पाठोपाठ हावर्ट्झची मांडी गेली, आणि मेरिनोसारख्या मिडफिल्डरला पुढे उभं करावं लागलं. त्यानं जीव तोडून काम केलं, पण ते त्याचं काम नव्हे. चॅम्पियन्स लीगमध्ये रेयाल माद्रिदविरुद्ध राइसनं मारलेल्या दोन फ्री किक मी आजही झोपायच्या आधी एकदा बघतो. तेवढ्यावर वर्ष काढलं. बाकी पॅरिसपुढे आपण कमी पडलो हे मान्य.

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. उत्तर लंडनचं वैर बाजूला ठेवून अभिनंदन.

(मूळ औंध, सध्या रीडिंग)

---

मंडळी,

मी २०१६ला पुण्याला परत आलो, तरी या यादीतून नाव काढलं नाही. तुमची पत्रं वाचून काल रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

यंदाचा तुमचा सगळा सीझन मी इथून पाहिला. आपल्याकडे रात्री साडेबाराला मॅच सुरू होते. ल्याँची मॅच संपली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि खाली दूधवाल्याची गाडी यायला फार वेळ उरला नव्हता. लिव्हरपूलनं २७ एप्रिलला स्पर्सला ५-१ हरवून विसावं विजेतेपद घेतलं, ते मात्र रविवारी रात्री नऊला, जेवता जेवता. लिव्हरपूल माझा क्लब. सालाहनं २९ गोल केले, १८ गोलांना पास दिले. प्रशिक्षक क्लॉप गेल्यावर सगळं विस्कटेल असं वाटलं होतं, पण नवे प्रशिक्षक स्लॉट यांनी घर न मोडता फक्त खोल्या नीट लावल्या. आनंद झाला. पण तो आनंद दुसऱ्याच्या गावचा आहे हे मला पहाटे नेहमी जाणवतं.

आपल्या गावचं बोलतो.

तुमच्यापैकी बरेच जण पुणे एफसी विसरले असतील. २००७ला सुरू झालेला क्लब. डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, तिसरा, २०१२-१३ मध्ये दुसरा, चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल. गोवा आणि कोलकाता यांच्या खेळात पुण्याचं नाव दुसऱ्या नंबरावर! २०१४-१५ला भारत एफसीही आला आणि आय-लीगमध्ये पुण्याचे दोन संघ झाले. एका वर्षात दोन्ही गेले. मग डीएसके शिवाजियन्स, दोन सीझन. आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी, २०१४ ते २०१९. फ्रान्सचा ट्रेझेगे आपल्याकडे खेळला, रोमानियाचा मुटू आपल्याकडे खेळला. आज आयएसएलमध्ये पुण्याचा एकही संघ नाही. सहा वर्षं झाली.

७ मार्च २०१८. बालेवाडीला एफसी पुणे सिटीची आयएसएल सेमीफायनलची पहिली मॅच, समोर बंगळुरू. मी आणि बाबा गेलो होतो. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे. ते मैदान १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, मध्ये धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसतात. बाबांनी घरून बसायला उशी आणि दुर्बीण नेली होती. दुर्बिणीतून ते सबंध वेळ आपल्या मार्सेलिन्योच्या पायांकडे बघत होते. मध्येच दुर्बीण माझ्याकडे देऊन म्हणाले, "बॉल येण्याआधी तो मान वळवून मागे बघतो, बघ." ०-० सुटली. बाहेर हायवेकडे चालत येताना केशरी जर्सीतली पोरं ओरडत होती, आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता.

चार दिवसांनी बंगळुरूला दुसरी मॅच, टीव्हीवर. त्यांच्या छेत्रीचे दोन गोल, आम्ही गप्प. ८२व्या मिनिटाला आमच्या लुक्कानं फ्री किक मारली आणि २-१ झालं. अजून एक गोल की बरोबरी. बाबा खुर्चीतून उठून टीव्हीसमोर उभे राहिले. सात मिनिटं ते तसेच उभे होते. ८९व्या मिनिटाला छेत्रीनं तिसरा मारला, ३-१. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी सातवे आलो. आणि मग क्लबच गेला. मालकांना पैशाची अडचण, संघाची जागा हैदराबादला. आम्ही पाहिलेली शेवटची मॅच ही शेवटची आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नाहीतर उठताना एकदा मागे वळून बघितलं असतं. त्याच हैदराबादनं २०२१-२२ची आयएसएल जिंकली. पुण्यात खेळून गेलेला निखिल पुजारी त्या संघात होता. यंदा मोहन बागाननं लीग आणि कप दोन्ही जिंकले. त्या संघातला आशिक कुरुनियन पुण्याच्या अकादमीत वाढलेला. इथे रोप लागतं, फळ दुसरीकडे धरतं. बाबा २०२१ला गेले. दुर्बीण माझ्याकडे आहे.

दादा, म्हणून तुमचा पंधरावा नंबर मला वेगळा दिसतो. यंदा क्रिस्टल पॅलेसनं एफए कप जिंकला, १९०५ सालचा क्लब, पहिला मोठा करंडक. न्यूकॅसलनं लीग कप जिंकला, देशातला मोठा करंडक ७० वर्षांनी. त्यांच्या आज्यापणज्यांनी "पुढच्या वर्षी" म्हटलं आणि ते पुढचं वर्ष दरवेळी येत राहिलं. इतकी वाट बघायला क्लब जिवंत असावा लागतो. मला पुण्याचा संघ सतरावा आला तरी चालला असता. खालच्या श्रेणीत गेला असता तरी मी तिकीट काढलं असतं. वाईट सीझनवर चिडायचा हक्क सुद्धा आपल्या गावात राहिला नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

आणि खेळ मेलेला नाही, हे कळावं म्हणून एक सांगतो. रविवारी सकाळी मी शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर जातो. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे लाल चिखल. दहा-बारा वर्षांची पोरं खेळत होती. एकाच्या अंगावर एफसी पुणे सिटीची जर्सी, गुडघ्यापर्यंत आलेली, पाठीवरचा आकडा निम्मा उडालेला. विचारलं तर म्हणाला, "दादाची आहे." कुठल्या क्लबची ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यानं खाली बघून छातीवरच्या चिन्हावरचा चिखल अंगठ्यानं पुसला आणि परत पळाला. त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटलेला होता, वरून सेलोटेप गुंडाळलेली. तो डाव्या पायानं खेळणारा आहे आणि फार सुरेख खेळतो. बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघतो.

(शिवाजीनगर, पुणे)

---

काका,

तुमचं पत्र मुलाला वाचून दाखवलं. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. दुर्बिणीपाशी आलो तेव्हा मला थांबावं लागलं.

मी २०१२-१३ला इथे युनायटेडचं विसावं विजेतेपद साजरं करत होतो, आणि त्याच वर्षी माझ्या गावचा क्लब देशात दुसरा आला होता. मला पत्ताही नव्हता. वाईट वाटलं.

आम्ही जुलैत तीन आठवडे नारायण पेठेत आहोत. रविवारी सकाळी मुलाला घेऊन मैदानावर येतो, त्याला त्या पोरांबरोबर खेळायचं आहे. त्याचे लहान झालेले बुटांचे तीन जोड घरात पडून आहेत, चांगल्या अवस्थेत. आणू का? पोरांना संकोच वाटणार नाही ना, तेवढं सांगा.

(मँचेस्टर)

---

दादा, काका,

आई १४ तारखेला परत जातेय आणि तिची एक बॅग अर्धी रिकामी आहे. वॉटफर्ड, लंडन, रीडिंगकडे ज्यांच्या घरी मुलांचे बूट असतील त्यांनी १२ पर्यंत माझ्याकडे पोचवा. धुऊन, वाळवून, जोड एकमेकांना बांधून द्या. शिनगार्ड (नडगीला बांधायचे) असतील तर तेही. आई म्हणतेय, ती स्वतः मैदानावर नेऊन देईल.

(वॉटफर्ड)

---

ताई, माझ्याकडे दोन जोड आणि बॉलचा एक पंप आहे. शनिवारी आणून देतो.

काका, त्या डावखुऱ्या मुलाच्या पायाचं माप मिळेल का? त्याच्यासाठी नवीन घेतो.

(रीडिंग)

---

आज सकाळी मैदानावर जाऊन त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढून आणला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत २२ सेंटीमीटर. त्याच्या आईला विचारून घेतलं, ती हो म्हणाली. अर्धा सेंटीमीटर मोठा घ्या, पाय वाढतोय.

(शिवाजीनगर, पुणे)